बेटावर नळ आला तेव्हा

आमच्या पुंडलिकनगरात कुणी परगावी निघालं की आधी शेजारणीकडे किल्ली देतं. चोरांच्या भीतीनं नाही, पाण्यासाठी. आपल्या माघारी नळाची पाळी आली आणि भरायला घरात कुणी नसलं, तर परतल्यावर तोंड धुवायलाही लोकांच्या दारात उभं राहावं लागतं. म्हणून अंदमानला निघायच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या नसीमभाभींना किल्ली दिली. वापरायचा निळा ड्रम कोणता, प्यायचा कोणता, आधी कोणता भरायचा, सगळं दाखवलं. भाभी म्हणाल्या, "हौ जी शोभाबाजी, मालूम है. तुम बेफिकर जाव. अन् बच्ची को लेकेच आव."

बच्ची म्हणजे आमची प्रज्ञा. इंजिनिअर झाली, पुण्यात चांगली नोकरी लागली आणि ती सोडून गेल्या वर्षी थेट अंदमानातल्या एका बेटावर जाऊन बसली. समुद्रात बुड्या मारायला शिकवणारं एक दुकान आहे, तिथं ऑफिसचं काम करते, असं तिनं मला सांगितलं होतं. कॉम्प्युटर, बुकिंग, लोकांचे फोन. ज्या पोरीला मी हर्सूल तलावाच्या काठावरही उभं राहू दिलं नाही, तिनं खुर्ची टाकायला नेमका समुद्राचा काठ गाठावा याचा मला राग होता. पण खुर्ची कोरड्यात आहे, एवढं समाधान होतं.

तिच्यासाठी जालन्याचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरचे लोक समजूतदार. आम्ही परतल्यानंतरच्या रविवारी मंडळी घरी येणार असं मी ठरवूनही टाकलं. जाताना आमची दोघांचीच तिकिटं काढली, येताना तीन. तिसऱ्या तिकिटाचं प्रज्ञाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना सांगितलं, तर त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चहाच्या वेळी अंधार

विमानं, बोट आणि बोटीतल्या ओकाऱ्या यांच्याबद्दल लिहीत नाही. ओकाऱ्या सगळीकडे सारख्याच असतात. बेटाला आमच्या शहरासारखीच दोन नावं आहेत, जुनं हॅवलॉक आणि नवं स्वराज द्वीप, आणि लोक आमच्यासारखंच तोंडात येईल ते म्हणतात. त्यामुळे धक्क्यावर उतरल्या उतरल्या मला जरा घरच्यासारखं वाटलं. ते वाटणं फार टिकलं नाही.

प्रज्ञा घ्यायला आली होती. काळी झाली होती, केस आखूड कापले होते, आणि माझी बॅग तिनं एका हातानं उचलली. ही माझी बॅग होती, जिच्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि चिवड्याचा डबा होता. नवऱ्याला ती दोन हातांनी उचलवत नव्हती.

आमच्यासाठी तिनं नारळाच्या बागेतलं एक लाकडी घर आठवड्यासाठी भाड्यानं घेतलं होतं. मालकीण मालतीदी, बंगाली बाई, माझ्याच वयाची. तिचे आजोबा-आजी फाळणीनंतर पूर्व बंगालमधून इथं येऊन वसले. बाई हसतमुख, घर झकास, व्हरांड्यातून समुद्र दिसत होता. आणि बाथरूमला छप्पर नव्हतं. मी मालतीदीला विचारलं की काम कधी पुरं होणार. प्रज्ञा म्हणाली की मम्मी, ते असंच असतं, लोक मुद्दाम अशी बाथरूम मागतात. चार भिंती, एक नळ आणि वर उघडं आभाळ. दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसले तर शेजारच्या झाडावर नारळ उतरवणारा माणूस चढलेला. मी छत्री उघडून अंघोळ केली. साठीकडे झुकलेल्या बाईला हे दिवस बघावे लागतील असं कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

पहिल्या संध्याकाळी आणखी एक धक्का बसला. चहा प्यायला, कप विसळायला आत गेले, बाहेर येते तर अंधार. घड्याळ बंद पडलं म्हणून ह्यांना हाका मारल्या. तिथं सूर्य आपल्यापेक्षा कितीतरी आधी मावळतो आणि उगवतोही तेवढाच आधी. घड्याळ मात्र आपलंच. एवढ्यात माझ्या चपलेजवळचा एक शिंपला उठून चालायला लागला. आत खेकडा होता. मी पलंगावर पाय घेऊन बसले ते जेवायलाच उतरले.

जेवायला मालतीदीनं मोहरी वाटून केलेला मासा आणि भात दिला. मोहरी आपण फोडणीत तडतडवतो, ही बाई कालवणच मोहरीचं करते. पहिला घास नाकातून मेंदूत गेला. मी तिला बदल्यात ठेचा दिला. तिनं बोटभर जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. तिथून आमची मैत्री झाली.

रात्री वीज गेली आणि थोड्या वेळानं नळही गेला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. सगळ्या दिवसात तेवढी एकच गोष्ट ओळखीची होती.

सकाळचं पाणी

तिसऱ्या दिवशी सकाळी मला त्या आवाजानं जाग आली. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना तो आवाज कळायचा नाही. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग तो खाकरतो, मग धार लागते. आमच्या गल्लीतल्या बायका तापात असल्या तरी त्या आवाजाला उठतात. मी कुठं आहे, कुठल्या गावात आहे, हे लक्षात यायच्या आत मी नळाखाली बादली लावून उभी होते.

दोन्ही बादल्या भरल्या. मग स्वयंपाकाच्या ओट्यावरची पातेली, कुकर, किटली. चिवडा कागदावर ओतून डबा भरला. कचऱ्याची बादली घासून घेतली आणि भरली. धार अजून जाडच होती. अशी धार चालू असताना झोपायला जाणं माझ्या हातून होणार नाही. व्हरांड्यात मोठमोठे टब पालथे घातलेले दिसले, शेजारी नळीचं वेटोळंही होतं. मी टब सुलटे केले. तेवढ्यात आमचे हे डोळे चोळत बाहेर आले, एक नजर टाकली आणि एक शब्द न बोलता नळी धरून उभे राहिले. आमचा संसार असा झालाय.

शेवटचा टब भरत आला तशी धार बारीक झाली आणि थांबली. मी म्हटलं, बघा, वेळेवर उठले म्हणून साधलं. पानं पडू नयेत म्हणून टबांवर चादरी टाकल्या, चहा केला आणि आम्ही दोघं व्हरांड्यात समाधानानं बसलो. समोर एवढा समुद्र होता, पण खरं सांगते, मी टबांकडेच बघत होते.

जरा वेळानं मालतीदी अंगणात आली. उंच चौथऱ्यावर काळी टाकी होती, तिला तिनं काठीनं ठोकून पाहिलं. ढोल वाजल्यासारखा आवाज आला. पहाटे आलेली वीज पुन्हा गेलेली, त्यामुळे विहिरीवरची मोटर बंद. त्या एका टाकीवर मालतीदीचं स्वयंपाकघर, आमची खोली, शेजारची खोली आणि कुंपणापलीकडचं बुड्या मारायचं दुकान चालायचं. समुद्रातून आलं की सगळं सामान गोड्या पाण्यात बुचकळावं लागतं, नाहीतर मीठ खाऊन टाकतं. ते टब त्याच कामाचे होते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की दुकानाच्या नळापाशी पाचसहा माणसं काळ्या रबरी कपड्यांत ओलीचिंब उभी आहेत आणि नळ कोरडा आहे. 

मी तोंड उघडणार तोच त्यांच्यातलं एक माणूस कुंपणाच्या फटीतून आत आलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळं रबर, खांद्यावर लोखंडी सिलिंडर, केस मिठानं ताठ झालेले, डोळ्यांभोवती पाण्यात घालायच्या चष्म्याचा गोल वळ. त्यानं विचारलं, "मालतीदी, पानी नहीं है क्या?"

आवाज माझ्या लेकीचा होता.

मी उभी राहिले आणि पुन्हा बसले. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. 

"तू ऑफिसात असतेस ना?" मी म्हटलं.

"नाही मम्मी," ती म्हणाली. "मी खाली असते."

मी विचारलं, खाली म्हणजे कुठं. तिनं हनुवटीनं समुद्र दाखवला.

तेवढ्यात मालतीदीनं एका टबावरची चादर उचलली. मग दुसऱ्या. मग आत जाऊन पातेली, कुकर, डबा बघून आली. तिला काही उमजेना. "दीदी," ती म्हणाली, "आपके शहर में पानी नहीं आता क्या?" मी म्हटलं, आता है, आठ दिन में एक बार. आता धक्का बसायची पाळी तिची होती. मुख्य भूमीवरच्या शहरात नळ उघडला की पाणी येतं, अशी तिची लहानपणापासूनची समजूत. ती पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्यावर कुणी रागावलं नाही, उलट टब भरायचे वाचले म्हणून दुकानातल्या माणसांनी त्यातच सगळं सामान बुचकळून काढलं. पण तोवर मी प्रज्ञाचं मनगट धरून तिला बिनछपराच्या बाथरूममध्ये नेलं होतं.

तिला स्टुलावर बसवलं आणि डोक्यावरून तांब्या तांब्या पाणी ओतलं. केसांतून मीठ निघता निघेना. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ होते. लहानपणी रविवारी न्हाऊ घालायचे तशीच घासत होते, फक्त रागानं जरा जास्त. मी ओतता ओतता बोलत होते. खोटं बोललीस. जीव एवढा स्वस्त झाला का. रविवारी लोक येणार आहेत. तुझं परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये आहे, तू आमच्याबरोबर येतेस.

तिनं डोळ्यांवरचं पाणी निपटलं. मग म्हणाली, "तिकिटाचं माहितेय मला. पप्पांनी सांगितलं."

तांब्या माझ्या हातातच राहिला. मग एकेक बाहेर आलं. पप्पांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती पोहायला पुण्यात शिकली, तेव्हाही ठाऊक होतं. परीक्षा देऊन ती आता लोकांना समुद्रात नेऊन शिकवते, हेही. इथल्या दुकानानं तिला कायमचं ठेवून घेतलंय आणि तिला इथंच राहायचंय. माझ्या घरात, माझ्या पलंगावर झोपणाऱ्या माणसानं हे वर्षभर पोटात ठेवलं आणि वर रोज पेपर वाचला.

मी बाहेर जाऊन त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हा माणूस करमाडचा, कंपनीत आयुष्य काढलं तरी बोलणं गावाचंच. शेवटी म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू नाय म्हणाली असती. आता आली हायेस तर बघून तर घे. बघून नाय म्हण, मी तिचं सामान बांधतो."

बुडबुडे

बघायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी होडीत बसले. लाईफ जॅकेट घातलं, त्यावरून पदर घेतला. तिथं गेल्यावर कळलं की आमचे हेही खाली जाणार आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी चिकलठाण्याच्या कंपनीच्या डॉक्टरांकडून आधीच आणली होती. म्हणजे हेही ठरलेलंच. मला आता धक्के बसायचंसुद्धा बंद व्हायला पाहिजे होतं, पण नाही झालं.

प्रज्ञानं त्यांच्या पाठीवर सिलिंडर बांधलं, पट्ट्या ओढल्या, चष्मा बसवला. माझ्या पोरीच्या तोंडावर एक वेगळाच भाव होता. हसत नव्हती, घाबरतही नव्हती. तिनं बापाला दोनदा समजावलं, काय झालं तर कशी खूण करायची. मग दोघं होडीच्या काठावर पाठमोरी बसली आणि मागच्या मागे पडली. सरळ उतरतील असं मला वाटलं होतं. असं पाठीवर, काही न बघता कुणी पाण्यात पडतं का? माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पाणी मिटलं. नवरा गेला, लेक गेली, वर मी, होडीवाला आणि चपलांचे दोन जोड.

होडीवाल्यानं पाण्यावर येणारे बुडबुडे दाखवले. ते येताहेत तोवर खाली सगळं ठीक आहे, म्हणाला. मग मी बुडबुडे बघत बसले. उतू जाणाऱ्या दुधाकडेसुद्धा मी इतकं टक लावून कधी बघितलं नसेल. एक झुबका फुटायचा, पुढचा येईपर्यंत माझा श्वास अडकायचा. पाणी इतकं नितळ होतं की खाली दोन काळ्या आकृत्या दिसत होत्या, मोठी लहानीचा हात धरून. नंतर ध्यानात आलं की लहानीनं मोठ्याचा हात धरलाय. ती पुढं होती आणि तो तिच्यामागं चालला होता.

ते वर आले तेव्हा आधी प्रज्ञाचं डोकं दिसलं, मग ह्यांचं. होडीवाल्यानं ह्यांना ओढून होडीत घेतलं. चष्मा काढला तर डोळे लाल. खारं पाणी गेलं असेल म्हणून मी पदरानं पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"माझ्या आजीला गावच्या विहिरीच्या कठड्याला हात लावू देत नव्हते," ते म्हणाले. "कुणी वरून ओतील तेव्हा ओंजळ धरायची. आन् ही एवढ्या पाण्यात शिरली, शोभा. कुणाला इचारलं नाय."

माझ्या सासूबाईंनी ही गोष्ट मला सांगितली होती. आमच्या घरातली ती जुनी गोष्ट होती, जयंतीला कुणीतरी भाषणात सांगायचं आणि सगळे माना डोलवायचे. पण प्रज्ञाचं समुद्रात जाणं आणि ती ओंजळ या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं. मी आपली पोर बुडेल एवढंच धरून बसले होते. मला रडू आलं, आणि होडीवाला तिकडं तोंड करून बसला.

संध्याकाळी, म्हणजे दुपारीच, प्रज्ञा मला किनाऱ्यावर घेऊन गेली. कमरेपर्यंत पाण्यात उभं केलं, साडीचा काष्टा मारून. स्वतःचा चष्मा माझ्या डोळ्यांना लावला आणि म्हणाली, खाली जायचं नाही, फक्त तोंड घाल, मी धरलंय. मी तिची दोन्ही मनगटं घट्ट पकडली आणि तोंड घातलं.

मला वाटलं होतं आत अंधार असेल. आत उजेड होता. आमच्या पायांशी पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते, माझ्या जोडव्याला एकानं तोंड लावून पाहिलं. माझ्या लेकीचे पाय मला दिसले, वाळूत घट्ट रोवलेले. श्वास संपला तेव्हा वर आले आणि पुन्हा तोंड घातलं. किती वेळा ते सांगता येणार नाही. शेवटी तीच म्हणाली, मम्मी, बास, सर्दी होईल.

घरी येऊन ओल्या साडीतच जालन्याला फोन लावला. मुलाच्या आईला म्हटलं, रविवारी येऊ नका, मुलगी येत नाही, तिला इथं काम आहे. त्यांनी विचारलं, कसलं काम. मी सांगितलं, समुद्राच्या तळाशी लोकांना घेऊन जाते, शिकवते.  मग त्या म्हणाल्या, "रोज उन्हात? मग काळी पडली असंल की."

"व्हय," मी म्हटलं, "काळी झालीय. लई छान दिसते."

पुंडलिकनगर

परतीच्या विमानात आमच्या मधली जागा रिकामी होती. त्यावर मी मालतीदीनं दिलेले नारळ ठेवले.  आमच्या ह्यांनी वाटभर पेपर उघडला नाही.

घरी नसीमभाभींनी दोन्ही ड्रम काठोकाठ भरून ठेवले होते. माझ्या मागं पोरगी दिसली नाही तशी त्यांनी दारात डोकावून पाहिलं, पण विचारलं नाही. भाभींचं हे शहाणपण मला आवडतं.

पुढची पाळी आली ती पहाटे. फुसफुसलं, खाकरलं, धार लागली. भाभी त्यांच्या दारात नळी लावून उभ्या, मी माझ्या. वापरायचा निळा ड्रम भरत आला. मी पदर खोचला, कपाटातून प्रज्ञानं दिलेला चष्मा आणला, डोळ्यांना लावला आणि ड्रममध्ये तोंड घातलं.

"या अल्ला," भाभींचा आवाज पाण्यातूनही ऐकू आला. मी वर आले तर त्या धावत येऊन माझा खांदा धरून उभ्या. "क्या हुआ बाजी? क्या कर रै तुम?"

मी त्यांना सगळं सांगितलं. स्थळ, फोन, विहीर, मासे, पोरगी पाठीवर पडते ते. त्यांनी तोंडावर हात ठेवून ऐकलं. मग हात पुढं केला. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांना लावून दिला, पट्टा मागून ओढला. भाभींनी ओढणी कानामागं खोवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ड्रममध्ये वाकल्या. बुडबुडे आले. मी मोजले नाहीत, नुसती बघत राहिले. त्या वर आल्या तेव्हा नाकातोंडातून पाणी गळत होतं.

"अंदर तो पूरा नीला है जी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

मी त्यांचा खांदा धरून उभी राहिले. ड्रम केव्हाच भरला होता, पाणी काठावरून आमच्या पायांवर, पायरीवरून गल्लीत वाहत होतं, आणि नळ बंद करायचं आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.